कर नाही त्याला डर कशाला?

डीएनए बँकेचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एका म्हणीपाशी येऊन थांबते. कर नाही त्याला डर कशाला? ज्याने गुन्हा केलेला नाही, त्याने आपल्या लाळेचा नमुना सरकारला द्यायला का कुरकुरावं? टीव्हीवरचा निवेदक हे विचारतो, कॉलेजात शिकणारा मुलगा विचारतो, आणि हल्ली आपल्या मोहल्ल्यातली शिकलीसवरलेली माणसंही विचारू लागली आहेत. म्हण सोपी आहे, ऐकायला बरी वाटते. पण ती खरी ठरायला एक अट आहे. पोलीस ज्याला उचलतात, त्याने काहीतरी केलेलंच असलं पाहिजे. ही अट आपल्या देशात कधी पूर्ण झाली होती, ते मला कोणीतरी सांगावं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तो कधी आला हेच पुष्कळांना कळलेलं नाही. २८ मार्च २०२२ रोजी लोकसभेत 'फौजदारी प्रक्रिया (ओळख) विधेयक' मांडलं गेलं आणि ६ एप्रिलला ते राज्यसभेतही मंजूर झालं. दहा दिवसांत सगळं आटोपलं. विधेयक संसदीय समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ४ ऑगस्ट २०२२पासून कायदा लागू झाला आणि १९२०चा इंग्रजांचा कायदा रद्द झाला. इंग्रजांच्या कायद्यात बोटांचे आणि पावलांचे ठसे आणि फोटो एवढंच होतं. नव्या कायद्यात बुबुळाचं स्कॅन आहे, तळहात आहे, सही आणि हस्ताक्षर आहे, आणि 'जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण' असेही शब्द आहेत. म्हणजे रक्त, लाळ, केस. डीएनए हा शब्द त्या व्याख्येत थेट येत नाही. पण रक्ता-लाळेचं विश्लेषण म्हणजे काय, हे कळायला वकील लागत नाही.

हे सगळं कोणाकडून घ्यायचं? फक्त शिक्षा झालेल्यांकडून नाही, तर अटक झालेल्यांकडूनही. शिवाय तपासासाठी गरज वाटली तर दंडाधिकारी कोणत्याही व्यक्तीला नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात. नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे, ७५ वर्षं राहणार. विशीतल्या पोराला उचललं तर तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत. त्याच्या मुलाला मुलं होतील, तरी आजोबांची फाईल दिल्लीत जिवंत असेल.

कायद्यात एक सवलत आहे, तीही समजून घ्या. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचा गुन्हा नसेल, किंवा 'सात वर्षांहून कमी नाही' इतक्या शिक्षेचा गुन्हा नसेल, तर अटक झालेला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो. आता हे 'सात वर्षांहून कमी नाही' म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं की कमाल शिक्षा सात वर्षं? वकील यावर तासभर भांडतील. पण रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात त्याचा अर्थ कोण लावणार? दगडफेकीच्या गुन्ह्यात 'दोनशे-तीनशे अनोळखी इसमांचा जमाव' असं लिहून खुनाच्या प्रयत्नाचं कलम कसं सहज जोडलं जातं, हे आपल्याला नवीन नाही. त्या कलमाला कमाल शिक्षा मोठी आहे, किमान शिक्षा नाही. तिथे कोठडीत बसलेल्या पोराला 'तुला नकार देता येतो' हे कोण सांगणार?

इथे एक गैरसमज होऊ नये. मी डीएनए चाचणीच्या विरोधात नाही. उलट निरपराध माणसाला या शास्त्रासारखा दुसरा साक्षीदार मिळणं कठीण. १९८४मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी हे तंत्र शोधलं. गुन्ह्याच्या तपासात ते पहिल्यांदा वापरलं गेलं, तेव्हा त्याने आधी गुन्हेगार पकडला नाही, एका निर्दोष मुलाला सोडवलं. लेस्टरजवळच्या दोन मुलींच्या खुनांच्या प्रकरणात सतरा वर्षांच्या एका मुलाने पोलिसांपुढे एका खुनाचा कबुलीजबाब दिला होता. डीएनए म्हणाला, हा तो नव्हे. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८मध्ये त्याला शिक्षा झाली. अमेरिकेत बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी १९९२मध्ये 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला. तिथे डीएनएमुळे शेकडो माणसं निर्दोष ठरून तुरुंगाबाहेर आली, त्यांतली काही तर फाशीच्या कोठडीतून.

पण चाचणी वेगळी आणि बँक वेगळी, आणि सगळा घोळ या दोन गोष्टी एक मानल्यामुळे झाला आहे. घटनास्थळी रक्त सापडलं, एका माणसावर ठोस संशय आहे, त्याचा नमुना घेतला, जुळवून पाहिला. ही झाली चाचणी. त्याला माझी हरकत नाही. त्यासाठी कायदाही आधीपासून होता. बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपीच्या डीएनए तपासणीची तरतूद २००५मध्येच फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, आता ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. बँक म्हणजे दुसरंच प्रकरण. त्या गुन्ह्याशी संबंध असो वा नसो, अटक झाली म्हणून नमुना घ्यायचा आणि पुढच्या ७५ वर्षांत कुठेही काही घडलं की त्याच्याशी ताडून पाहायचं. चाचणीत प्रश्न एका गुन्ह्याचा असतो. बँकेत माणूसच कायमचा संशयित होऊन बसतो.

मग या बँकेत कोण जाणार? सगळे नाही, ज्यांना अटक होते ते. २०१९च्या तुरुंगविषयक सरकारी अहवालातले आकडे पाहा. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १४.२ टक्के. शिक्षा झालेल्या कैद्यांत १६.६ टक्के. आणि खटला न संपता आत बसलेल्या कच्च्या कैद्यांत १८.७ टक्के. शिक्षेपेक्षा अटकेतला वाटा मोठा आहे, हे लक्षात घ्या. दलितांची लोकसंख्या १६.६ टक्के, कच्च्या कैद्यांत ते २१ टक्के. आदिवासी ८.६ टक्के, कच्च्या कैद्यांत साडेदहा टक्के. अटकेच्या आधारावर बँक उभी केली की पोलिसांची नजर जिथे आधी जाते, तीच वस्ती बँकेत भरते. पुढच्या गुन्ह्यात संगणक त्याच वस्तीतलं नाव आधी काढतो, कारण त्याच्याकडे दुसऱ्या वस्तीतली नावंच नसतात. मग लोक म्हणणार, बघा, यंत्रालाही तेच सापडले!

ही माझी कल्पना नाही. ब्रिटनमध्ये १९९५पासून राष्ट्रीय डीएनए बँक आहे. २००७मध्ये तिथल्या संसदेच्या गृह व्यवहार समितीने आपल्या अहवालात नोंदवलं, की कृष्णवर्णीय तरुण पुरुषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लवकरच या बँकेत असतील. एका समाजाची जवळजवळ सगळी तरुण पिढी संशयितांच्या यादीत! पुढे अकरा वर्षांच्या वयात अटक झालेल्या आणि नंतर निर्दोष सुटलेल्या एका मुलाचं प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं. ४ डिसेंबर २००८ रोजी सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की दोषी न ठरलेल्यांचे नमुने असे सरसकट ठेवून देणं खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. ब्रिटनला २०१२मध्ये नवा कायदा करावा लागला आणि दहा लाखांहून अधिक निरपराधांच्या नोंदी पुसाव्या लागल्या. म्हणून तिथल्या पोलिसांचं काम थांबलं नाही.

आपल्याकडे ही गोष्ट त्याहून जुनी आहे. ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत कलकत्त्यात आकाराला आली. १८९७मध्ये तिथे ठसे विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ती जगभर गेली, पण तिच्या वर्गीकरणामागचं गणित होतं काझी अझीझुल हक या बंगाली मुस्लिम फौजदाराचं, आणि त्यांच्या जोडीला हेमचंद्र बोस होते. शोध आपला होता याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्या राजवटीत हे तंत्र वाढलं, त्याच राजवटीने १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला होता. पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पोलिसात हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की आजही पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. कायदा रद्द होतो, सवय रद्द होत नाही. त्या सवयीच्या हातात आता आपण डीएनए देत आहोत.

निर्दोष सुटल्यावर नोंद पुसली जाते ना, असं कोणी विचारेल. कायद्यात तसं लिहिलं आहे, पण पुढचे शब्द वाचा. आधी शिक्षा झालेली नसावी, निर्दोष किंवा आरोपमुक्त ठरल्यानंतर 'सर्व कायदेशीर उपाय संपलेले' असावेत, आणि न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने नोंद ठेवण्याचा आदेश दिलेला नसावा. त्यावर २०२२च्या नियमांनी आणखी एक गोष्ट जोडली: नोंद पुसण्यासाठी नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची. म्हणजे चूक सरकारची आणि अर्ज मात्र आपण करायचा.

'सर्व कायदेशीर उपाय' म्हणजे किती वर्षं, हे महाराष्ट्रातल्या मुसलमानांना वेगळं सांगायला नको. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले. नऊ मुस्लिमांना अटक झाली. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एक जण हे जग सोडून गेला होता. त्याच वर्षी मुंबईत ११ जुलैला लोकलमध्ये झालेल्या स्फोटांच्या खटल्यात बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षांनी! त्यांतल्या एकाचा तुरुंगातच मृत्यू झाला होता. सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही, पण हा निकाल दाखला म्हणून वापरायला तीन दिवसांत स्थगिती दिली. आता सांगा, अशा माणसाचे 'सर्व कायदेशीर उपाय' कधी संपणार? एकोणीस वर्षं आत काढून, उच्च न्यायालयाकडून निर्दोष ठरूनही, नव्या कायद्याच्या हिशेबात तो अजून पूर्ण निर्दोष झालेला नसतो.

दुसरा युक्तिवाद असा, की माणूस खोटं बोलेल, डीएनए बोलत नाही. डीएनए बोलतच नाही, त्याच्या वतीने माणसं बोलतात. जर्मनीत एका 'अज्ञात स्त्री'चा पोलिसांनी कित्येक वर्षं शोध घेतला. खून, घरफोडी, चोरी, जवळपास चाळीस गुन्ह्यांच्या जागी तिचा डीएनए सापडला होता. २००७मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तो सापडला. २००९मध्ये उलगडा झाला. अशी गुन्हेगार स्त्री नव्हतीच. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यातून येत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. कॅलिफोर्नियात २०१२मध्ये एका खून झालेल्या माणसाच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. त्याचा नमुना आधीच सरकारी बँकेत होता, त्यामुळे नाव लगेच निघालं. खटला सुरू झाला, फाशीची शक्यता होती. प्रत्यक्षात तो त्या रात्री दारूच्या नशेत इस्पितळात पडून होता. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला उचललं होतं, तेच नंतर खुनाच्या जागी गेले होते. इस्पितळाची नोंद होती म्हणून तो वाचला. नसती तर? पाच महिने कोठडीत काढल्यावर त्याच्या निरपराधपणाचा पुरावा कागदातून निघाला, डीएनएमधून नव्हे.

आणि आपल्याकडे? मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाणे जिल्ह्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फाशी झालेल्या आरोपीला निर्दोष सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेल्या उशिराचं कारण तपास अधिकाऱ्यांना देता आलं नाही, डीएनए अहवालावर विसंबता आलं नाही. २०२२मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात तीन फाशीचे आरोपी असेच सुटले, तिथेही नमुने कित्येक दिवस मुद्देमालात पडून होते. शेवटी जुलै २०२५मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला देशभरासाठी नियम घालून द्यावे लागले, की डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवली पाहिजे. हे २०२५मध्ये सांगावं लागतं! ज्यांना एका खटल्यातली एक बाटली नीट सांभाळता येत नाही, ते कोट्यवधी लोकांच्या शरीराची माहिती ७५ वर्षं सांभाळणार आहेत.

'बलात्काराच्या पीडितेचं काय?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. माझं उत्तर ठाण्याच्या त्या निकालात आहे. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, तो देशात डीएनए बँक नव्हती म्हणून नव्हे. हाती आलेला पुरावा सांभाळला गेला नाही म्हणून. प्रयोगशाळा वाढवा, तिथल्या रिकाम्या जागा भरा, तालुक्याच्या ठाण्यात नमुना नीट घ्यायला आणि ठेवायला शिकवा. पीडितेचं भलं त्यात आहे. तिचं नाव पुढे करून चोरीच्या, मारामारीच्या, मोर्चाच्या गुन्ह्यातल्या पोरांची लाळ गोळा करू नका.

आणखी एक गोष्ट ठशांत नव्हती, ती डीएनएत आहे. माझा ठसा माझ्यापुरता. माझा डीएनए अर्धा माझ्या आईचा आहे, अर्धा वडिलांचा, आणि माझ्या भावंडांशी, चुलत्यांशी जुळणारा. २०१८मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर दिलेल्या डीएनएवरून सापडला. गुन्हेगार सापडला, चांगलं झालं. पण अर्थ समजून घ्या. एकाला अटक झाली की सगळं खानदान नोंदीत येऊ शकतं. आणि सरकारच्या मनात आलं तर पूर्ण समाज. चीनच्या शिनजियांगमध्ये हेच झालं. ह्यूमन राइट्स वॉचने डिसेंबर २०१७मध्ये जगापुढे आणलं, की 'सर्वांसाठी आरोग्य तपासणी'च्या नावाखाली १२ ते ६५ वयाच्या रहिवाशांचे डीएनए नमुने घेतले जात आहेत. उइगर मुसलमानांना त्यासाठी गुन्हा करावा लागला नाही, तिथे राहणं पुरेसं होतं.

आता कोणी म्हणेल, मुसलमानांवर अन्याय झाला की तुम्हाला खासगीपणा आठवतो. म्हणून कुवेतचं उदाहरण देतो. कोकणातल्या कित्येक घरांतली माणसं तिथे नोकरीला आहेत. जून २०१५मध्ये रमजानच्या शुक्रवारी तिथल्या एका शिया मशिदीत आत्मघाती स्फोट झाला, सव्वीस-सत्तावीस नमाजी मारले गेले. संतापाच्या भरात तिथल्या संसदेने पुढच्याच महिन्यात कायदा केला: नागरिक, परदेशी कामगार, पाहुणे, सगळ्यांनी डीएनए द्यायचा, नकार दिला तर वर्षभर कैद आणि दहा हजार दिनार दंड. सरकार मुस्लिम, मेलेले मुस्लिम, मारणारेही स्वतःला मुस्लिम म्हणवणारे. तरीही तो कायदा चूक होता, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये कुवेतच्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. प्रश्न सत्तेवर कोण आहे हा नाही. नागरिकाचं शरीर सरकारच्या मालकीचं आहे का, हा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं, ते याच प्रश्नाचं उत्तर होतं.

आपल्याकडे स्वतंत्र डीएनए विधेयकही होतं. २०१९मध्ये ते लोकसभेत आलं, जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते तपासलं, असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम या दोन खासदारांनी असहमतीची टिपणं दिली. जुलै २०२३मध्ये सरकारने ते मागे घेतलं. तेव्हा काहींना हायसं वाटलं. पण तोवर २०२२चा कायदा आला होता. मागे घेतलेल्या विधेयकात निदान एक नियामक मंडळ तरी होतं, प्रयोगशाळांना मान्यता देण्याची पद्धत होती. आता नमुने घेण्याचा अधिकार उरला, मंडळ गेलं.

मागणी फार मोठी नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांपुरतीच डीएनए नोंद ठेवा. अटक झालेल्याचा नमुना त्याच खटल्यापुरता वापरा. पहिल्या न्यायालयाने निर्दोष सोडलं की नोंद आपोआप पुसा, अर्जाची वाट पाहू नका. बँकेवर देखरेख पोलिसांबाहेरच्या माणसांची ठेवा. आणि आरोपीलाही हक्क द्या, की घटनास्थळावरचा डीएनए माझ्याशी आणि इतरांशी ताडून पाहा. बँक खरंच सत्यासाठी असेल, तर तिची किल्ली एकाच पक्षाच्या खिशात का?

आपल्या लोकांशीही थोडं बोलायचं आहे. हा फक्त आपला प्रश्न आहे अशी हाकाटी करून मोहल्ल्यात सभा घेतल्या तर हाती काही लागणार नाही. पारध्याचं पाल, दलित वस्ती, गडचिरोलीतलं आदिवासी गाव, सगळे याच रांगेत उभे आहेत. त्यांच्याबरोबर उभं राहावं लागेल. आणि तोवर घरातल्या पोरांना चार गोष्टी शिकवा. अटक झाली तर कोणत्या कलमाखाली ते विचारायचं. जैविक नमुना मागितला तर 'मला नकार देता येतो का' हे वकिलासमोर विचारायचं. नकार द्यायचाच तर शांतपणे द्यायचा, धक्काबुक्की केली तर तो वेगळा गुन्हा होतो. नमुना दिलाच तर तारखेची नोंद स्वतःजवळ ठेवायची. आणि पोरगं निर्दोष सुटलं की बापाने त्या दिवशी मोहल्ल्यात मिठाई जरूर वाटावी, पण निकालाची प्रमाणित प्रत घेऊन नोंद पुसण्याचा अर्जही करावा आणि त्याची पोच सांभाळून ठेवावी. नाहीतर न्यायालयाने सोडलेलं पोरगं दिल्लीतल्या संगणकात ७५ वर्षं अडकून राहील.